जुन्या गाडीत इंजिन साफ करणारं ऑइल वापरताना: घाई न करता, पायरीपायरीने

बोनेट उघडा, ऑइल भरायचं झाकण फिरवून काढा आणि आत टॉर्च मारा. लाख-दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत तिथे काय दिसतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. आतलं ॲल्युमिनियम नुसतं तांबूस-पिवळं झालं असेल आणि बोट फिरवल्यावर हाताला काही लागत नसेल, तर ते वार्निश. जुन्या गाडीत ते असायचंच. पण झाकणाच्या आतून नखाने ओढल्यावर डांबरासारखा थर निघाला, किंवा कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आजूबाजूच्या खाचांत काळं ग्रीस भरल्यासारखं दिसलं, तर तो गाळ. गॅरेजमध्ये त्याला स्लज म्हणतात. वार्निशवाल्या गाडीचा मालक निर्धास्तपणे कामाला लागू शकतो. गाळ दिसलेल्याने मात्र आधी धीर धरायचा आहे.

हे मी कळकळीने सांगतोय, कारण घरच्याच एका गाडीवर ही चूक झाली. फ्लशचा, म्हणजे इंजिन झटपट धुणाऱ्या द्रवाचा, डबा जुन्या ऑइलमध्ये ओतला, दहा मिनिटं इंजिन स्लोवर चालवलं, ऑइल काढलं, नवं भरलं. दोन दिवस गाडी इतकी शांत चालली की आम्ही सगळे खूश. तिसऱ्या दिवशी चढावर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, खाली उतरवल्यावर कारण समोर आलं. ऑइल पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते, तिच्यावर काळे पापुद्रे एकावर एक असे चिकटले होते की मधली भोकं शोधावी लागत होती. घाण सुटली होती, पण इंजिनाबाहेर गेली नव्हती.

ही दोन कामं वेगळी आहेत. ऑइल घाण सोडवतं. ती बाहेर नेतात फिल्टर आणि ड्रेन बोल्ट. सुटण्याचा वेग बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की पंचाईत होते. खालच्या सगळ्या पायऱ्या हा एक तोल सांभाळण्यासाठी आहेत.

घाण कुठली, आणि ती येते कुठून

गाळ तयार होतो तो जुनं ऑइल, पाणी, न जळालेलं इंधन आणि काजळी एकत्र शिजून. इंधन जळताना पाण्याची वाफ होते आणि तिचा थोडा भाग पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतो. इंजिन पुरतं तापलं तर ती वाफ उडून जाते. अडचण छोट्या फेऱ्यांची असते. टेम्परेचरचा काटा काही मिनिटांत वर येतो, पण तो कूलंटचा असतो. ऑइल नीट तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तोवर आपण पोचून गाडी बंद केलेली असते. वाफ आतच थंड होते, ऑइलमध्ये मिसळते. त्यात ऑइल बदलायला उशीर होत गेला की गाळाला बसायला जागा आणि वेळ दोन्ही मिळतात. म्हणून कमी चाललेली पण जवळच्या जवळ फिरलेली गाडी कधीकधी भरपूर चाललेल्या हायवेच्या गाडीपेक्षा आतून जास्त घाण निघते.

दुसरा प्रकार जास्त त्रासदायक, आणि झाकण उघडून तो दिसत नाही. पिस्टनला बहुधा तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, धरतात. तिसरी ऑइल रिंग, दोन पातळ कड्या आणि मध्ये लाटेसारखी स्प्रिंग अशी. सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून पिस्टनमधल्या बारीक भोकांतून खाली पाठवायचं हे तिचं काम. पिस्टनच्या उष्णतेने त्या भोकांत ऑइल भाजून त्याचा कोळसा झाला की भोकं बुजतात, रिंग खाचेत अडकते, भिंतीवर ऑइल राहतं आणि ते जळतं. जळलेल्या ऑइलचा आणखी कोळसा होतो. गाडी ऑइल खायला लागते ती बऱ्याचदा अशी. इंजिन साफ करणाऱ्या ऑइलचा खरा उपयोग कुठे होत असेल, तर या जागी.

सगळी ऑइलं साफ करतातच, मग वेगळं काय?

आजच्या जवळपास प्रत्येक इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट असतात. डिटर्जंट बहुधा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे; ते गरम धातूवर थर बसू देत नाहीत आणि ऑइलमध्ये तयार होणारी आम्लं मारतात. डिस्पर्संट काजळीच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात, म्हणजे ते गोळा होऊन तळाशी बसत नाहीत, तरंगत राहतात. म्हणून ऑइल काळं पडलं की ते वाया गेलं असं समजू नका. तो काळेपणा म्हणजे घाण ऑइलने उचलून धरली आहे.

पण नेहमीच्या ऑइलचा भर नवी घाण बसू न देण्यावर असतो. जुनी, भाजलेली घाण त्याला फार हळू निघते. खास साफसफाईचं म्हणून जे ऑइल मिळतं त्याचं मिश्रण बसलेला थर हळूहळू विरघळवायच्या दृष्टीने बांधलेलं असतं. काहींत एस्टरसारखे घटक वापरतात. एस्टरचे रेणू ध्रुवीय असल्यामुळे ते धातूकडे ओढले जातात आणि साचलेल्या थरात शिरतात. व्हॅल्व्होलिनने २०२४ मध्ये बाजारात आणलेलं ‘रिस्टोअर अँड प्रोटेक्ट’ याच हेतूचं आहे, आणि कंपनीचा दावासुद्धा एका बदलीचा नाही, तर सलग चार ऑइल चेंजचा आहे. हा चारचा आकडा लक्षात ठेवा. कोळसा बसायला वर्षं लागली; तो आठवड्यात निघावा ही अपेक्षाच चुकीची.

‘हाय मायलेज’ लिहिलेलं ऑइल हा याचा चुलतभाऊ. ते साधारण १,२०,००० किलोमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी असतं आणि त्यात कडक झालेली रबरी सील मऊ ठेवणारे घटक जास्त असतात. थोडी साफसफाई तेही करतं. तुमची तक्रार ऑइल खाण्याची नसून किंचित ओलसर गळतीची असेल, तर तेच पुरे.

फ्लश हा तिसरा, वेगळाच प्रकार. तो जुन्या ऑइलमध्ये ओतून, गाडी न हलवता, डब्यावर लिहिलेली पाच-दहा मिनिटं इंजिन स्लोवर चालवून लगेच काढून टाकायचा असतो. चांगल्या निगेच्या इंजिनात त्याने बिघडत नाही, पण तिथे त्याची फारशी गरजही नसते. आणि जिथे गरज वाटते, त्या गाळ भरलेल्या इंजिनात तो धोक्याचा. रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन धुणं तर कुणी सुचवलं तरी करू नका. बेअरिंग आणि कॅम यांना धरून ठेवणारी ऑइलची फिल्म त्याने पातळ होते, आणि कितीही निथळवलं तरी थोडं आत राहतंच.

पहिली पायरी: ऑइल घेण्याआधी गाडी तपासा

इथे दोन-तीन तास गेले तरी चालतील. चुकीच्या रोगावर महागडं ऑइल ओतण्यापेक्षा ते परवडतं.

कूलंटची बाटली बघा. पातळी सारखी उतरत असेल आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट, फेसाळ लगदा दिसत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांमधली पट्टी) तपासून घ्या. कूलंट कमी होत नसेल आणि लगदा फक्त झाकणापुरता असेल, तर ती बहुधा छोट्या फेऱ्यांची वाफ.

मग पीसीव्ही व्हॉल्व्ह. चेंबरमधले वायू परत इनटेककडे ओढून घेणारी ही छोटी वस्तू, पण जुन्या गाड्यांत निम्मं दुखणं इथेच सापडतं असा माझा अनुभव. ती बंद अडकली तर ओलावा आत कोंडतो, गाळ वाढतो, दाबाने सील गळू लागतात. उघडी अडकली तर इंजिन ऑइल ओढून जाळतं. जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आतली गोळी खुळखुळली पाहिजे. नव्या गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच (इंजिनाचं सगळ्यात वरचं झाकण) पडद्याच्या रूपात असतो. तिथे इंजिन स्लोवर ठेवून ऑइलचं झाकण उचलून बघा. झाकण जोरात खाली ओढलं जात असेल आणि शिट्टी ऐकू येत असेल, तर पडदा फाटलाय. हा व्हॉल्व्ह न बदलता साफसफाईचं ऑइल वापरणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

धुराचा रंग आणि वेळ बघा. सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एक भपका येऊन मग काहीच नसेल, तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या. ती रबराची असतात, झिजलेलं रबर ऑइलने भरून येत नाही. रेस दिल्यावर, चढावर निळा धूर येत असेल, तर रिंगा. त्या नुसत्या अडकल्यात की झिजल्यात हे कॉम्प्रेशन तपासून कळायला मदत होते. कॉम्प्रेशन कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर गळती रिंगांकडून, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हकडून. आणखी एक गोष्ट: कॉम्प्रेशन उत्तम, तरी गाडी ऑइल खाते, अशी स्थिती असेल तर वाईट वाटून घेऊ नका. वरच्या दोन रिंगा ठीक आहेत आणि तिसरी अडकली आहे असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि साफसफाईच्या ऑइलला सगळ्यात जास्त वाव अशाच इंजिनात आहे.

गाळ दिसलेला असेल तर ऑइल प्रेशर मोजून घ्याच. प्रेशर स्विच काढून तिथे मीटर लावतात, दहा मिनिटांचं काम. ढोबळ हिशोब असा की गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे (मिनिटाला फेरे) साधारण १० पीएसआय (दाबाचं माप) मिळावं. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. आधीच दाब कमी असेल तर चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करून घ्या, मगच पुढे जा. हे काम टाळायचा मोह होतो. टाळू नका.

शेवटी, गाडी किती ऑइल खाते हे अंदाजाने नाही, मोजून ठरवा. सपाट जागेवर, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून बघा. वरच्या खुणेपर्यंत भरा. फोटो काढा, किलोमीटर लिहा. १००० किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने बघा आणि पुन्हा खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते लिहा. हा आकडा नसेल, तर चार महिन्यांनी ‘फरक पडल्यासारखं वाटतंय’ याच्यापुढे तुम्ही जाऊ शकणार नाही.

दुसरी पायरी: ऑइल निवडणं

गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड, म्हणजे ऑइलचा दाटपणा, दिलाय तोच. ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर ५डब्ल्यू-३०. जुनी गाडी म्हणून दाट ऑइल घालायची सवय अनेकांना असते. पुस्तिकेत दाट पर्याय दिलेला असेल तर तो वापरायला हरकत नाही, पण साफसफाई चालू असताना मी पातळ बाजूला राहीन. ज्या बारीक भोकांत शिरायचंय तिथे दाट ऑइल उशिरा पोचतं.

डब्यावर एपीआयची (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) श्रेणी बघा. एसपी ही श्रेणी मे २०२० पासून आहे, एसक्यू ३१ मार्च २०२५ पासून. नवी श्रेणी जुन्या पेट्रोल गाडीला चालते. युरोपियन गाडी असेल तर गाडीच्या कंपनीचा मंजुरी क्रमांक जुळला पाहिजे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल गाडीत कमी राखेचं ऑइलच लागतं, एसीईए सी३ या युरोपियन श्रेणीसारखं. साफसफाईच्या नादात भलतं ऑइल गेलं तर राखेने तो फिल्टर भरतो आणि तो ऑइलच्या कित्येक डब्यांहून महाग पडतो.

आता एक युक्ती जी बरेच जण सांगतात: पेट्रोल गाडीत ट्रकचं डिझेल ऑइल घाला, त्यात डिटर्जंट जास्त असतात. जुन्या, साध्या इंजिनांवर लोकांनी ती वापरलीही आहे. पण टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी रचना) असलेल्या पेट्रोल इंजिनात कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे कमी आरपीएमवर मिश्रण वेळेआधी पेटण्याचा धोका वाढतो आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. एसपी श्रेणीत या धोक्याची चाचणी आहे ती म्हणूनच. त्यामुळे अशा इंजिनात डिझेल ऑइल नको, आणि साफसफाईच्या ऑइलमध्ये वरून आणखी एखादी बाटलीही नको. ऑइलचं मिश्रण तोलून केलेलं असतं, आपण तो तोल बिघडवतो.

इंजिनात ऑइलमध्ये भिजणारा टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) असेल, उदाहरणार्थ फोर्डचं १.० लिटर इकोबूस्ट किंवा प्युजो-सिट्रोएनचं १.२ लिटर प्युअरटेक यांच्या बऱ्याच आवृत्त्यांत असतो, तर कंपनीने सांगितलेल्या ऑइलशिवाय काहीही नको. तिथे बेल्टचेच तुकडे सुटून जाळी बुजण्याची भीती असते. फ्लशचं तर नावही काढू नका.

फिल्टर चांगल्या दर्जाचा घ्या, आणि एक नाही, दोन घ्या. का ते पुढे येतं.

तिसरी पायरी: पहिला ऑइल चेंज

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. ऑइल कोमट असावं: गार असेल तर गाळ तळाशी राहतो, उकळतं असेल तर हात भाजतो. सपाट, कडक जमिनीवर हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना अडण लावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, कधीच. जॅकने उचलायची आणि स्टँडवर टेकवायची, मग हाताने हलवून खात्री करायची. रॅम्प असेल तर उत्तम.

वरचं झाकण आधी उघडा, ऑइल सलग पडतं. ड्रेन बोल्ट पान्याने सैल करा, मग हाताने आत दाबत फिरवा आणि शेवटच्या आट्याला झटकन बाजूला घ्या. घाई नाही, वीस मिनिटं थेंब-थेंब पडू द्या. शेवटी पडणाऱ्या घट्ट थेंबांतच तळाची घाण असते. भांड्यातल्या ऑइलवर टॉर्च तिरका धरा. धातूची चमक दिसली तर तिथेच थांबून मेकॅनिकला दाखवा. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर करडी, मऊ पेस्ट असणं नेहमीचं. टोचणारे काटे किंवा पत्र्याचे तुकडे मात्र नेहमीचे नाहीत.

फिल्टर काढल्यावर त्याचं जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना हे बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर पहिल्या रेसला सगळं ऑइल बाहेर. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि मग फिल्टरवर लिहिलंय तेवढंच आवळा, साधारण पाऊण फेरा. ड्रेन बोल्टला नवा वॉशर घाला. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर जोर लावून आटे मारू नका. टॉर्क पान्यावर पुस्तिकेतला आकडा घ्या.

पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन अर्धं मिनिट चालवा. लाल दिवा काही सेकंदांत विझलाच पाहिजे. बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि थोडं थोडं घालत खुणेला आणा. खुणेच्या वर भरू नका. क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा) ऑइलमध्ये बुडायला लागला तर ऑइलचा फेस होतो, आणि फेसाने दाब धरत नाही.

जुनं ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यांत भरून, ते जमा करून घेणाऱ्या ठिकाणी द्या. गटारात किंवा मातीत एक थेंबही नको.

चौथी पायरी: फिल्टर मध्येच बदला, आणि कापून बघा

नवशिक्यांना कुणी सांगत नाही अशी ही पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. पहिल्या खेपेला, म्हणजे साफसफाईचं ऑइल पहिल्यांदा भरल्यावर, दीड-दोन हजार किलोमीटरवर ऑइल तसंच ठेवून फक्त फिल्टर बदला, जेवढं सांडलं तेवढं त्याच ऑइलने भरा. फिल्टर भरला की इंजिन उपाशी राहू नये म्हणून ऑइलला वळसा देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडतो. त्यानंतर ऑइल न गाळता फिरतं, म्हणजे नुकताच सुटलेला कोळसा सरळ बेअरिंगकडे. बायपास उघडलाय हे कुठल्याही दिव्यावर दिसत नाही.

काढलेला फिल्टर रात्रभर उलटा निथळू द्या. करवतीने कापू नका, करवतीचा कीस आत पडतो आणि तोच इंजिनाचा समजून जीव घाबरतो. गोल फिरवून कापणारा फिल्टर कटर वापरा. आत सुटा कागदी फिल्टर असेल तर कापायचीही गरज नाही. घड्यांचा कागद सोडवून पांढऱ्या कागदावर पसरवा. काळे कण बोटांत घेऊन चुरडा. मेंदीच्या चुऱ्यासारखे बारीक होऊन काळा डाग उमटला तर तो कोळसा, म्हणजे काम चालू आहे. मी पहिल्यांदा असा फिल्टर उलगडला तेव्हा प्रत्येक घडीच्या तळाशी मिरीएवढे कण ओळीने बसलेले होते. डिपस्टिकवर त्याचा मागमूस नव्हता. चुरडत नाहीत, टोचतात, चमकतात असे कण असतील तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड-पोलाद. न चिकटणारे पिवळसर-तांबूस असतील तर बेअरिंग किंवा बुश. बारीक चकाकीची एखाददुसरी ठिपकी जुन्या इंजिनात चालते; पापुद्रे आणि काड्या चालत नाहीत.

पाचवी पायरी: चालवणं

गाडी आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. इंजिन पुरतं गरम झालं की डिटर्जंट काम करतात, वाफ आणि इंधनाचा अंश उडून जातो. मुद्दाम लाल रेषेपर्यंत रेस द्यायची गरज नाही.

डिपस्टिक दर आठवड्याला. साफसफाई सुरू झाल्यावर सुरुवातीला ऑइल थोडं जास्तच लागलं, तरी लगेच घाबरू नका, पण पातळी खालच्या खुणेजवळ जाऊ देऊ नका. ऑइल कमी असेल तर उरलेलं जास्त तापतं, आणि जास्त तापलेलं ऑइलच कोळसा करतं. ऑइल खाणाऱ्या गाडीत ‘सर्व्हिसलाच बघू’ म्हणणाऱ्यांची इंजिनं लवकर खोलावी लागतात, ती यामुळेच.

लाल दिवा चालताना लागला, अगदी क्षणभर, तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. जवळच पोचायचंय म्हणून दोन किलोमीटर रेटू नका. तो दिवा दाब बराच उतरल्यावर लागतो, पूर्वसूचना म्हणून नाही. पातळी ठीक असूनही लागला असेल तर गाडी टो करून न्या आणि जाळी बघायला सांगा. टॅपेटची टकटक (इंजिनाच्या वरच्या भागातून येणारा आवाज) कमी झाली तर उत्तम. नव्याने सुरू झाली आणि गरम झाल्यावरही गेली नाही, तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. एखादी बारीक वाट बुजली असू शकते.

गळती सुरू झाली तर ऑइलला दोष देण्याआधी थांबा. कडक झालेल्या सीलला इतकी वर्षं गाळानेच बूच मारलेलं असतं. ते बूच निघालं आणि सीलची खरी अवस्था दिसली. सील बदलायचंच होतं.

सहावी पायरी: दुसरी ते चौथी खेप

पहिली खेप मी ४,००० ते ५,००० किलोमीटरवर संपवतो, गाळ बराच असेल तर ३,००० वरच. फिल्टर स्वच्छ निघायला लागले की पुस्तिकेतल्या अंतराकडे हळूहळू सरकायचं, पण त्याच्या पुढे नाही. दर वेळी फिल्टर नवा. दर वेळी मोजलेलं ऑइल वहीत. झाकणाखालचा फोटो त्याच कोनातून.

पहिल्या खेपेनंतर आकडा हलला नाही म्हणून सोडून देऊ नका. रिंगांच्या भोकांतला बदल बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेत कळू लागतो. माझ्या गाडीत टकटक पहिल्या खेपेतच गेली, पण ऑइल खाणं तिसऱ्या खेपेपर्यंत जैसे थे होतं. मग ते कमी झालं, थांबलं नाही. मला तेवढं पुरेसं वाटलं, कारण इंजिन खोलावं लागलं नाही.

चार खेपांनंतरही आकडा जागचा हलला नसेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले आहेत, नाहीतर मूळ रचनेतच खोट आहे. टोयोटाच्या २.४ लिटर २एझेड-एफई इंजिनाचं उदाहरण आहे. २००७ ते २००९ च्या काही कॅमरी त्यात होत्या. ऑइल खाण्याच्या तक्रारींवर कंपनीने अमेरिकेत वॉरंटी वाढवून पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. जिथे पिस्टनच बदलावे लागले, तिथे ऑइलकडून चमत्काराची आशा धरून पैसे घालवत राहू नये.

काही जागांपर्यंत हे ऑइल पोचतच नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन तिथे जाऊनच खरवडावा लागतो. इंजेक्टर पेट्रोलमधल्या क्लीनरने साफ होतात, ऑइलने नाही. पिकअप कमी, ॲव्हरेज कमी अशी तक्रार असेल तर आधी प्लग, एअर फिल्टर आणि इंजेक्टर बघा.

चौथ्या खेपेनंतर तेच ऑइल चालू ठेवायला हरकत नाही. साध्या ऑइलवर परत यायचं असेल तर त्याच ग्रेडचं चांगलं सिंथेटिक घ्या आणि अंतर ७,०००-८,००० किलोमीटरच्या वर नेऊ नका, पुस्तिकेत त्याहून कमी असेल तर तेवढंच. त्यानंतरच्या पहिल्या १००० किलोमीटरला पुन्हा एकदा ऑइल मोजा आणि तो आकडा वहीतल्या पहिल्या आकड्याशेजारी लिहा.